भुरीचें दप्तर

पावसाळा संपून सकाळीं दंव पडूं लागलें, कीं परसांतील भोपळ्याच्या वेलावर पिठी चाळल्यासारखा पांढरा थर दिसूं लागतो. वाटाण्यावर तो दिसतो, बोरीच्या कोवळ्या फळांवर दिसतो, गुलाबाच्या कळीवर दिसतो. आणि आंब्याच्या मोहोरावर दिसला म्हणजे तर कोंकणांतील बागाइतदाराच्या पोटांत गोळा उठतो. आमचे शेतकरी यास भुरी म्हणतात. नाशिककडील द्राक्षबागाइतदार तिचें नांव काढतांच गंधकाच्या भुकटीचा हिशोब करूं लागतो. बोट फिरविलें तर ती पुसली जाते, आणि चार दिवसांनीं पुन्हा उमटते.

हा थर धूळ नव्हे. तें एका सजीव कवकाचें रान आहे. त्याचे तंतु पानाच्या पृष्ठभागावर जाळ्यासारखे पसरतात, आणि त्यांपासून निघालेलीं सूक्ष्म शोषकें पानाच्या वरच्या पेशींत शिरून अन्नरस ओढून घेतात. तंतूंवर उभ्या दांड्या येतात, त्यांच्या टोंकांस बीजुकें लागतात, आणि वाऱ्याच्या झुळकीसरशीं तीं शेजारच्या पानावर जाऊन पडतात. पुष्कळशा बुरशींस रुजण्याकरितां पानावर पाणी सांचलेलें लागतें. भुरीस तें लागत नाहीं, म्हणून पाऊस नसतांहि ती फैलावते. ऋतु उलटूं लागला म्हणजे कित्येक जातींत या पांढऱ्या थरामध्यें खसखशीहूनहि बारीक असे काळे दाणे धरतात. तीं तिचीं फळें. त्यांच्या अंगास केसांसारखीं उपांगें असतात. कोणाचीं सरळ, कोणाचीं टोंकाशीं फांटे फुटलेलीं, कोणाचीं आंकड्याप्रमाणें वळलेलीं. वाचकांनीं हे काळे दाणे लक्षांत ठेवावे. पुढील बहुतेक कथा त्यांच्यावरच अवलंबून आहे.

अशा क्षुद्र वस्तूचा इतिहास लिहितां येतो काय, आणि येत असल्यास त्याचीं साधनें कोणतीं, हा प्रश्न आम्हीं आज वाचकांपुढें ठेवीत आहों. कै. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, तेव्हांपासून बखर आणि अस्सल पत्र यांतील भेद महाराष्ट्रास चांगला परिचित झाला आहे. बखर मागाहून लिहिली जाते. तींत आठवणीची सरमिसळ असते, लिहविणाराची मर्जीहि असते. पत्र मात्र त्या दिवशीं, त्या ठिकाणीं, त्या कामापुरतें लिहिलेलें असतें, आणि म्हणूनच पुढें कोणी त्याच्याकडून साक्ष घेईल ही शंकाहि त्यास शिवलेली नसते. वनस्पतींच्या इतिहासांतहि हाच भेद आहे. ग्रंथांतील वर्णन ही बखर. वाळवून ठेविलेला नमुना हें अस्सल पत्र.

अशा नमुन्यांच्या दप्तरास हर्बेरियम किंवा शुष्क वनस्पतिसंग्रह असें म्हणतात. कवकांचे नमुने कागदाच्या घडीच्या पुड्यांत ठेविलेले असतात. भुरीची पुडी उघडली तर आंत एक दाबून वाळविलेलें पान, आणि वर एक चिठ्ठी: कवकाचें नांव, ज्या झाडावर तें सांपडलें त्याचें नांव, गांव, तारीख, आणि गोळा करणाराची सही. पानावरील पांढरेपणा कालांतरानें करडा किंवा तपकिरी होतो. परंतु काळे दाणे शंभर वर्षांनंतरहि जसेच्या तसे राहतात. सुकून चिंबलेलीं बीजुकेंदेखील दुग्धाम्लाच्या थेंबांत तापविलीं असतां पुष्कळशीं फुगून पूर्वाकारास येतात. लंडनजवळ क्यू येथील उद्यानांत कवकांचे साडेबारा लाखांहून अधिक नमुने जतन केलेले आहेत. एकोणिसाव्या शतकांत तर याचा एक व्यवहारच झाला होता. जर्मनींत राबेनहोर्स्ट यांच्यासारखे संग्राहक एकाच झाडावरून गोळा केलेल्या नमुन्याच्या अनेक प्रती करीत, त्यांस अनुक्रमांक देत, आणि वर्गणीदार संग्रहांस वाटीत. त्यामुळें एकच अस्सल पत्र अनेक शहरांच्या दप्तरांत सांपडूं लागलें. अर्नेस्ट सॅमन यांनीं १९०० सालीं भुरीच्या सर्व कुळाचा जो विस्तृत ग्रंथ प्रसिद्ध केला, तो मुख्यत्वेंकरून अशाच पुड्या उघडून, ताडून आणि पुन्हा मिटून लिहिलेला आहे.

आतां या दप्तरांतील एकच प्रकरण घेऊं. त्यांत तीन पाद्री आहेत, एक माळी आहे, आणि एका खंडाचें नुकसान आहे.

पहिला पाद्री लुइस डेव्हिड फॉन श्वाइनिट्झ. हा मोरेव्हियन पंथाचा धर्मोपदेशक अमेरिकेंत पेन्सिल्व्हेनिया प्रांतीं बेथलेहेम येथें १७८० सालीं जन्मला. उत्तर अमेरिकेंतील कवकांची त्यानें केलेली मोठी यादी १८३४ सालीं प्रसिद्ध झाली, आणि त्याच वर्षीं तो मरण पावला. या यादींत द्राक्षवेलीवरील एका भुरीस त्यानें 'एरिसिफे निकेटर' असें नांव दिलें. निकेटर म्हणजे जीव घेणारा. वर्णन थोडक्यांत होतें. नमुना मात्र त्याच्या संग्रहाबरोबर फिलाडेल्फिया येथील विज्ञान अकादमीकडे गेला आणि तेथें पडून राहिला. युरोपांत त्याकडे कोणाचें विशेष लक्ष गेलें नाहीं.

अकरा वर्षांनीं, १८४५ सालीं, इंग्लंडांत केंट परगण्यांतील मारगेट येथें एडवर्ड टकर नांवाच्या माळ्यास कांचगृहांतील द्राक्षांवर पांढरी भुकटी दिसली. टकर हा डोळस मनुष्य होता. पीच झाडावरील भुरीशीं तिचें साम्य आहे हें ओळखून त्यानें चुना आणि गंधक यांचें मिश्रण वापरून पाहिलें, आणि त्यास गुणहि आला. हा नवा रोग रेव्हरंड माइल्स जोसेफ बर्कली यांच्याकडे गेला. हा आपल्या कथेंतील दुसरा पाद्री. नॉर्दम्प्टनशायरमधील एका खेड्यांत तो आपली धर्मसेवा करी, आणि उरलेल्या वेळांत सूक्ष्मदर्शकापुढें बसे. १८४६ सालीं आयर्लंडांतील बटाट्याचा नाश कवकामुळेंच झाला असें निर्भीडपणें लिहिणारा तो हाच. त्यानें १८४७ सालीं 'गार्डनर्स क्रॉनिकल' पत्रांत द्राक्षावरील या भुरीचें वर्णन करून माळ्याच्या नांवावरून तीस 'ओयडियम टकेरी' असें नांव दिलें. ओयडियम हें नांव भुरीच्या केवळ बीजुकधारी अवस्थेचें होय. काळे दाणे त्यास दिसले नव्हते. कारण ते तेथें नव्हतेच.

पुढील सात वर्षांत या भुरीनें युरोपांत जें केलें, तें एखाद्या स्वारीच्या वर्णनासारखें वाटतें. १८४८ च्या सुमारास ती पॅरिसजवळील कांचगृहांत शिरली. १८५१-५२ पर्यंत फ्रान्सच्या दक्षिणेस, इटली, स्पेन, पोर्तुगाल, ग्रीस येथें उघड्या मळ्यांत पोंचली. मदीरा बेटावरील द्राक्षाचें उत्पन्न बसलें. फ्रान्समध्यें १८५० सालीं सुमारें साडेचार कोटि हेक्टोलिटर द्राक्षमद्य निघालें होतें. १८५४ सालीं तें एक कोटि दहा लाखांच्या आसपास उतरलें. ज्या गांवांचें सारें वर्ष एका पिकावर अवलंबून असतें, तेथें या आंकड्यांचा अर्थ काय होतो, हें आमच्या अवर्षणग्रस्त प्रदेशांतील वाचकांस समजावून सांगावयास नको. अखेर टकरचाच गंधक कामास आला. माँपेलिए येथील आंरी मारेस यांनीं कोरड्या गंधकाची भुकटी केव्हां आणि किती उडवावी याचे पद्धतशीर प्रयोग केले, आणि तें दशक संपण्यापूर्वींच मळे सावरले.

उपाय सांपडला, परंतु शत्रु कोण आणि तो कोठून आला, हा प्रश्न मागें राहिला. तो अमेरिकेंतून आला असावा असा संशय अनेकांस होता. संशय निराळा आणि पुरावा निराळा. १८५१ सालीं लेव्हेयी या फ्रेंच शास्त्रज्ञानें भुरीच्या कुळाचे वर्ग पाडले, ते काळ्या दाण्यांच्या उपांगांच्या आकारावर आणि दाण्यांतील बीजुककोशांच्या संख्येवर. ही पद्धत उत्तम होती. मात्र ज्या भुरीस फळच धरत नाहीं तीस या व्यवस्थेंत घर नव्हतें. युरोपच्या द्राक्षांवरील भुरी वर्षानुवर्षें पांढरीच राहिली. तिचें कुळ सांगण्यास साक्षीदार नव्हता.

येथें तिसरा पाद्री येतो. मोझेस अ‍ॅशली कर्टिस हा उत्तर कॅरोलिना प्रांतांतील धर्मोपदेशक आपल्याकडील कवकें पुड्यांत घालून समुद्रापलीकडे बर्कलीकडे धाडीत असे, आणि पुष्कळ नव्या जातींचीं नांवें दोघांच्या नांवानें प्रसिद्ध होत. १८५७ सालीं बर्कलीनें आपल्या अपुष्प वनस्पतींच्या ग्रंथांत अमेरिकेंतील द्राक्षवेलीवरील एका भुरीचें नांव दिलें, 'युन्सिन्युला स्पायरॅलिस'. तीस काळे दाणे होते, आणि त्यांचीं उपांगें टोंकाशीं वेटोळीं घातल्यासारखीं वळलेलीं होतीं. म्हणजे एकाच मनुष्यानें, दहा वर्षांच्या अंतरानें, एकाच कवकास दोन नांवें दिलीं. एक कांचगृहांतील पांढऱ्या भुकटीस, दुसरें अमेरिकेंतील काळ्या दाण्यांस. या दोन वस्तु एक आहेत हें त्यास सिद्ध करतां आलें नाहीं. १८७९ सालीं त्यानें आपला सर्व संग्रह क्यू येथें दिला, आणि १८८९ सालीं तो निवर्तला. त्यास दोष देणें अन्यायाचें होईल. हातीं असलेल्या पुराव्यापलीकडे तो गेला नाहीं, हीच त्याची थोरवी आहे. दोन पत्रांतील हस्ताक्षर जुळत नसेल, तर तीं एकाचींच आहेत असें सांगणारा इतिहासकार आम्हांस तरी नको आहे.

तो पुरावा १८९२ सालीं मिळाला. दक्षिण फ्रान्समध्यें जॉर्ज कुदेर्क यांस द्राक्षाच्या भुरीवर प्रथमच काळे दाणे आढळले. पुढच्याच वर्षीं पिएर व्हियाला यांनीं ते अमेरिकन दाण्यांशीं ताडले, आणि उपांगांचें वेटोळें दोहोंकडे तेंच निघालें. सत्तेचाळीस वर्षांनंतर टकरच्या भुरीस कुळ मिळालें. त्याच १८९२ सालीं अमेरिकेंत टॉमस बरिल यांनीं श्वाइनिट्झचें जुनें नांव अग्रहक्कानें मान्य करून 'युन्सिन्युला निकेटर' असें नांव रूढ केलें. इतकीं वर्षें फळ कां धरलें नाहीं, याचाहि उलगडा पुढें झाला. या कवकांत दोन भिन्न जुळणी-प्रकार असतात, आणि ते एकत्र आल्यावांचून फळ होत नाहीं, हें १९९१ सालीं दाखविण्यांत आलें. पहिल्या स्वारींत बहुधा एकच प्रकार युरोपांत आला असावा, असा तर्क त्यावरून करितां येतो.

या प्रकरणाची किंमत केवळ नांवांच्या हिशोबांत मोजूं नये. अमेरिकन वेलींस भुरीचा उपद्रव कमी होतो असें पाहून युरोपांतील मळेवाल्यांनीं त्या वेली मुळांसकट आणविण्यास आरंभ केला. त्यांच्याबरोबर मुळांवरील एक सूक्ष्म कीटक आला. फायलॉक्सेरा हें त्याचें नांव. १८६३ च्या सुमारास तो दिसूं लागला, १८६८ सालीं प्लांशाँ व त्यांचे सहकारी यांनीं तो ओळखला, आणि भुरीनें जें केलें नव्हतें तें त्यानें केलें. फ्रान्सचे जुने मळे समूळ मेले. त्याच मार्गानें आणखी एक अमेरिकन कवक १८७८ सालीं फ्रान्समध्यें प्रकट झालें. त्याच्यावर मोरचूद व चुना यांचें बोर्डो मिश्रण काढावें लागलें. एका रोगाची उत्पत्ति कोठें आहे हें नीट न जाणतां त्याच ठिकाणाहून औषध आणविलें, म्हणजे काय होतें याचा हा धडा आहे. कोणती वस्तु कोठून, कोणत्या वर्षीं, कशाबरोबर आली याची नोंद ठेवणें हा विद्वानांचा छंद नसून शेतकऱ्याच्या घराचें रक्षण आहे.

तथापि दप्तराची साक्ष घेतांना सावधगिरी हवी. एखाद्या वर्षीं एका जिल्ह्यांतून पुष्कळ पुड्या आल्या असतील, तर त्या वर्षीं तेथें रोग फार होता असें ठरत नाहीं; कदाचित् तेथें एक उद्योगी संग्राहक राहत होता इतकेंच ठरतें. संग्राहक सडकेच्या कडेनें जातो, रान आडमार्गाला राहतें. झाडाचें नांव चुकलें तर कवकाचेंहि नांव पुष्कळदां चुकतें. कारण भुरीच्या जाती ओळखण्यांत आश्रयवृक्षाचा आधार मोठा असतो. उलट, कधीं कधीं नोंदीचा अभावहि बोलतो. लिनीयसनें १७५३ सालीं भुरीस ग्रंथांत जागा दिली, तेव्हांपासून युरोपांतील पंडित नाना झाडांवरील भुरी गोळा करीत आणि तिचीं वर्णनें करीत होते. एवढ्या शोधक डोळ्यांस सर्वांच्या परसांतील द्राक्षवेलीवर ती १८४५ पूर्वीं दिसूं नये, याचा सरळ अर्थ ती तेथें नव्हती. जेथें कोणी पाहिलेंच नाहीं तेथील मौनास किंमत नाहीं. जेथें पुष्कळांनीं पाहिलें तेथील मौन हा पुरावा आहे.

आमच्या काळांत या पुड्यांस एक नवी वाचा फुटली आहे. वाळलेल्या पानाच्या कणभर तुकड्यांतून आनुवंशिक द्रव्य काढून त्याची अक्षरमाला वाचतां येते. आयर्लंडच्या बटाट्यांचा नाश करणारा वंश कोणता, याचा निर्णय २०१३ सालीं एकोणिसाव्या शतकांतील हर्बेरियमच्या पानांवरूनच झाला. भुरीच्या शंभरावर वर्षें जुन्या नमुन्यांतूनहि अशी अक्षरमाला मिळविण्यांत आली आहे. या वाचनामुळें जुन्या वर्गीकरणाची उलथापालथ झाली. उपांगांच्या आकारावरून निराळे मानलेले युन्सिन्युला वगैरे गण २००० सालीं एरिसिफे गणांत सामील करण्यांत आले; आणि एका कवकास एकच नांव असावें, पांढऱ्या अवस्थेस एक व काळ्या दाण्यांस दुसरें असूं नये, हा नियम २०११ सालीं सर्वमान्य झाला. परिणाम असा, कीं आज द्राक्षाच्या भुरीचें शास्त्रीय नांव 'एरिसिफे निकेटर' हें आहे. म्हणजे श्वाइनिट्झनें १८३४ सालीं दिलें होतें तेंच, अक्षरशः.

आमच्या देशाचाहि या दप्तराशीं संबंध आहे. एडविन जॉन बटलर १९०१ सालीं हिंदुस्थानांत आले. १९०५ सालीं बिहारांतील पुसा येथें त्यांनीं भारतीय कवकांच्या संग्रहाचा पाया घातला. १९३४ च्या भूकंपानें पुसा येथील संस्थेची इमारत उध्वस्त झाली, आणि १९३६ सालीं ती संस्था दिल्लीस हलविण्यांत आली. तो संग्रह आज तेथें आहे. पुण्यास आघारकर संशोधन संस्थेंत प्रा. आजरेकर यांच्या नांवाचा कवकसंग्रह आहे. या पुड्यांत आपल्या घरचेच प्रश्न मिटलेले आहेत. आंबा आमचा, परंतु त्याच्या मोहोरावरील भुरीचें नामकरण १९१४ सालीं ब्राझीलमध्यें झालें. अलीकडील वाचनावरून असें दिसतें, कीं या भुरीची, काजूवरील भुरीची, आणि ओक वृक्षावरील एका भुरीची अक्षरमाला तपासलेल्या भागापुरती एकच आहे. १९०७ सालीं युरोपांतील ओकच्या रानांवर एकाएकीं भुरी पडली होती. ती कोठून आली हा प्रश्न तेव्हांपासून चर्चिला जात आहे. त्याचें उत्तर शोधतांना उष्ण कटिबंधांतील जुन्या पुड्या उघडाव्या लागतील, आणि त्यांत कोंकणांतील आंब्याचीं पानें असलीं तर उपयोग होईल.

असलीं तर, असें आम्हीं मुद्दाम म्हटलें. कांहीं वर्षांपूर्वीं एका विद्यालयांतील जुनें कपाट उघडलें असतां आम्हांस त्यांत वाळविलेल्या पानांचा गठ्ठा दिसला होता. एका पानावर भुरीचा करडा थर स्पष्ट होता, भिंगाखालीं काळे दाणेहि दिसत होते. चिठ्ठी मात्र कसरीनें खाल्ली होती. शेवटीं एक आद्याक्षर तेवढें उरलें होतें. पान शाबूत होतें आणि साक्ष नाहींशी झाली होती. कोणत्या गांवचें, कोणत्या वर्षाचें, कोणत्या झाडाचें, हें आतां कोणीच सांगूं शकणार नाहीं. ज्यानें तें पान उन्हांत वणवण करून आणलें, दाबलें, वाळविलें, त्याचे श्रम एका बोटभर कागदाबरोबर गेले.

दप्तरांचें महत्त्व महाराष्ट्रास सांगावें लागत नाहीं. वाड्यांच्या माळ्यांवरून, वाण्याच्या दुकानांतील रद्दींतून एकेक कागद सोडवून आणणारीं माणसें आमच्यांतच झालीं. त्याच बुद्धीनें आमच्या शाळा-महाविद्यालयांतील हीं कपाटें एकदां उघडलीं जावींत, पुड्या झाडून नव्या कागदांत घातल्या जाव्यात, आणि चिठ्ठ्यांची नक्कल उतरून ठेविली जावी, एवढीच आमची सूचना आहे. आणि ज्या घरांत मुलें वहींत पानें दाबून ठेवितात, तेथील वडिलांनीं त्यांस पानाखालीं गांवाचें नांव, झाडाचें नांव आणि तारीख लिहावयास शिकवावें. श्वाइनिट्झच्या पुडीनें आपलें म्हणणें मान्य होण्यास अठ्ठावन्न वर्षें वाट पाहिली. तिच्यावर नांव-गांव होतें म्हणूनच ती वाट पाहूं शकली.